नानखटाईच्या शेजारी काय ठेवावं

प्रस्तावना

भाजलेल्या पदार्थांचा फोटो काढताना पहिली अडचण येते ती रंगाची. पालकाची भाजी हिरवी असते, सोलकढी गुलाबी, लोणच्याच्या फोडीवर लाल तेल तरंगत असतं. नानखटाई, टोस्ट, खारी, पाव, गव्हाची बिस्किटं आणि बिनक्रीमचा केक मात्र फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात बसतात. याचं कारण भट्टीच्या आत आहे. पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्यात साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोरात सुरू होणाऱ्या क्रियेनं पदार्थाला तो रंग आणि तो वास येतो. मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. वास फोटोत येत नाही, फक्त तपकिरी रंग येतो. दुसरी अडचण अशी की या पदार्थांचं खरं सौंदर्य आत असतं: केकची जाळी, खारीचे पदर, नानखटाईचा तोंडात विरघळणारा भुसभुशीतपणा. बाहेरून दिसतं ते कवच.

म्हणूनच शेजारी काहीतरी ठेवावं लागतं. परात, फडकं, चहाचा कप, वेलदोडे, पत्र्याचा डबा अशा वस्तूंना फोटोच्या धंद्यात सगळे प्रॉप्स म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. त्यांच्याबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि हे सगळं पुस्तक त्याच मतावर उभं आहे. शेजारच्या प्रत्येक वस्तूनं पदार्थाबद्दल काहीतरी खरं सांगितलं पाहिजे: तो कशाचा केला, केवढा आहे, कुठे भाजला, कशासोबत खातात, कोणत्या वेळी खातात. यातलं काहीच न सांगणारी वस्तू कितीही देखणी असो, ती चौकटीतून उचलून बाजूला ठेवावी.

हे पुस्तक बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीसारख्या गावांत राहून घरून केक, बिस्किटं, नानखटाई विकणाऱ्या बायका-मुलींसाठी आहे. त्यांच्याकडे स्टुडिओ नाही, महागडा कॅमेरा नाही. फोन आहे, भाजायला छोटा ओव्हन आहे किंवा शिट्टी आणि रिंग काढून तळाशी मीठ पसरलेला कुकर आहे, आणि विकायला व्हॉट्सअॅप आहे. गिऱ्हाईक गावातलं असतं, बऱ्हाणपूर शहरातलं असतं, कधी राज्याची हद्द ओलांडून रावेरकडचं. त्यातले बरेच जण पदार्थ आधी फोटोत पाहतात. दुकानाच्या काचेच्या कपाटानं जे काम करायचं ते इथे फोटोला करावं लागतं, म्हणून तो नीट काढला पाहिजे. आणि तो खरा असला पाहिजे, कारण गिऱ्हाईक उद्या पुन्हा समोर भेटणार आहे. गावात फसवलेलं गिऱ्हाईक एकटं जात नाही.

नेटवर केकचे फोटो पाहून शिकायला बसलेल्या मुलीला काय दिसतं? संगमरवरी फरशीच्या नक्षीचा कागद, लाल-पांढऱ्या चौकटींचा रुमाल, जाड लाकडी फळी, निलगिरीच्या पानांची फांदी, कॉफीच्या बिया, सुतळीनं बांधलेल्या दालचिनीच्या कांड्या. मग ती ऑनलाइन तेच मागवते. निलगिरी मिळाली नाही तर प्लास्टिकची पानं येतात. आणि तिच्या हातची अस्सल तुपातली, वेलदोडा-जायफळाची नानखटाई अशा जागी बसते जिथे ती कधी खाल्ली गेली नाही. फोटो वाईट येतो असं नाही, पण तो कुठलाच राहत नाही. जळगावचा, इंदूरचा, नागपूरचा फोटो एकसारखा दिसतो, आणि जे एकसारखं दिसतं ते भावावरच विकलं जातं.

त्या परदेशी फोटोंवर माझा राग नाही. त्यातल्या वस्तू त्यांच्या त्यांच्या घरातून आलेल्या आहेत. फ्लँडर्सच्या क्लारा पीटर्सनं १६११ च्या सुमारास पाव, चीज, मासे, सुका मेवा आणि चकाकणारे पेले मांडून चित्रं काढली. तिच्या टेबलावरचं प्रत्येक भांडं तिच्या गावच्या श्रीमंत घरात मिळणारं होतं. काही भांड्यांच्या चकाकीत तिनं स्वतःचं लहानसं प्रतिबिंबही रंगवलं आहे. छायाचित्रण सुरू झालं तेव्हा इंग्लंडात फॉक्स टॅलबटनं आपल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या १८४४ ते १८४६ दरम्यान भागाभागानं निघालेल्या पुस्तकात फळांनी भरलेल्या टोपल्यांचं छायाचित्र घातलं, तेही मांडणी करूनच. म्हणजे खाण्याच्या वस्तूची मांडणी हे सोशल मीडियानं आणलेलं खूळ नाही, ते चारशे वर्षांचं काम आहे. बिघाड पुढे झाला. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथोलॉजीज’मध्ये ‘एल’ मासिकातल्या पाककृतींच्या फोटोंवर एक छोटा निबंध लिहिला. वरून गुळगुळीत चकाकणारे, सजावटीनं झाकलेले ते पदार्थ वाचणाऱ्या बाईनं करून खावेत म्हणून छापलेले नव्हते, नुसते डोळ्यांनी खावेत म्हणून होते, असं त्यांचं निरीक्षण होतं. आज फोनवर जे दिसतं त्यातल्या बऱ्याच फोटोंना ते तंतोतंत लागू पडतं. आपल्याला फोटोतलं बिस्कीट खरोखर कुणाच्या तरी चहात बुडायला हवं आहे.

आपल्याकडची भाजण्याची रीत आठवून पाहा. खानदेशात आणि विदर्भात उन्हाळ्याच्या सुटीत किंवा दिवाळीच्या आधी घरचं पीठ, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, तिथे मळून, पत्र्यांवर ओळीनं मांडून भट्टीत भाजून घ्यायचं आणि भरलेला डबा सायकलला बांधून घरी आणायचा, ही पद्धत अनेक घरांना माहीत आहे. डबा बहुधा तेलाचा किंवा तुपाचा, वरून कापून झाकण बसवलेला, चौकोनी. महिनाभर मुलं त्यात हात घालत. गव्हाची बिस्किटं, नानखटाई, कधी खारी. हा डबा मला जगातल्या कुठल्याही लाकडी फळीपेक्षा चांगला प्रॉप वाटतो. तो सांगतो की हा माल वजनावर येतो, भट्टीतून येतो, साठवून खातात, घरातल्या सगळ्यांसाठी असतो. शिवाय वापरून वापरून त्याच्या पत्र्याची चकाकी गेलेली असते, त्यामुळे त्यावर प्रकाश मऊ पडतो आणि फोटोत पांढरे चट्टे उमटत नाहीत. झाकण अर्धवट उघडं, आतल्या दोन ओळी दिसताहेत, एक नानखटाई बाहेर झाकणावर: एवढ्यात फोटो पूर्ण होतो.

डब्यात पूर्वी वर्तमानपत्राचा कागद घालत, आणि ‘जुना लूक’ हवा म्हणून तो आजही प्रॉप म्हणून फार वापरला जातो. तो वापरू नये. छपाईच्या शाईतले घातक पदार्थ तेल-तुपाच्या खाण्याला लागतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये याविरुद्ध सूचना काढली आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला, त्यात ठेवायला मनाई केली. विकणाऱ्या बाईनं आपल्या फोटोत ते दाखवणं म्हणजे मी असंच बांधून देते असं सांगणं. त्याऐवजी बटर पेपर घ्यावा. तो चुरगळून पुन्हा सरळ केला की त्याला छान बारीक सुरकुत्या पडतात.

नानखटाईचा विषय निघालाच आहे तर तिच्या कुळाबद्दल थोडं सांगते. तिची गोष्ट सुरतेकडे जाते. तिथल्या डचांच्या बेकरीचा कारभार पारशी दोटीवाला कुटुंबाकडे आला, वाळून कडक झालेला पाव लोक आवडीनं घेऊ लागले आणि त्यातून पुढे बिस्किटं व नानखटाई आली, असं सांगतात. सुरत आणि बऱ्हाणपूर एकाच तापीच्या काठावर आहेत. मुघल काळात सुरतेच्या बंदरात उतरलेला माल खानदेशातून बऱ्हाणपूरला येई आणि तिथून आग्र्याकडे जाई. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून याच वाटेनं निघाला आणि बऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारात हजर झाला. म्हणजे आपला मुलूख सैन्याच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटेवरचा, भट्टी आणि तंदूर पाहिलेला. शहरातले रुमालाएवढे मोठे, पातळ मांडे आजही उलट्या तापलेल्या भांड्यावर भाजले जातात. खानदेशातल्या पुरणाच्या मांड्यांनाही असंच उलटं खापर लागतं. दराबा आणि मावा जिलेबी भाजण्यातल्या नाहीत, पण त्यांच्यामुळे बऱ्हाणपूरचं नाव गोडाधोडात घेतलं जातं. एवढा वारसा असलेल्या गावानं फोटोपुरतं दुसऱ्याचं घर मांडावं, हे मला पटत नाही.

आता वस्तूंकडे येते. सगळ्यांत जास्त पानं मी कापडाला दिली आहेत, कारण भाजलेल्या पदार्थाला सर्वांत मोठा आधार कापडाचा मिळतो आणि बऱ्हाणपूर हे कापडाचं शहर आहे. इथल्या यंत्रमागांवरून निघणारं कोरं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड किंचित पिवळसर असतं. ते नानखटाईखाली पसरून पाहा आणि नंतर पांढरीशुभ्र चादर पसरून पाहा. फरक लगेच कळेल. फोन चौकटीतला सगळा उजेड मोजून सरासरी काढतो. चौकटीत पांढरंच पांढरं असलं तर त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळपटवतो. मग सोनेरी नानखटाई करपल्यासारखी दिसते. काळ्या कापडावर नेमकं उलट होतं. फोटो नको तितका उजळतो आणि पदार्थ फिका पडतो. कोरं कापड या दोन्हींच्या मधलं आहे. एकदा धुऊन खळ काढावी, इस्त्री करू नये, घडीच्या सरळ रेघा राहू देऊ नयेत. हातानं गोळा करून सोडलं की ज्या चुण्या पडतात त्या चांगल्या.

रंगीत कापड घ्यायचं तर निळं किंवा हिरवं. तपकिरी रंग हा मुळात गडद नारिंगीच आहे आणि निळा त्याच्या बरोबर समोरचा, त्यामुळे दोन्ही एकमेकांना उठाव देतात. गोव्यात सकाळी सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराची टोपली पाहिली असेल तर आठवा. वर निळं प्लास्टिक असतं, आणि ते बाजूला सारल्यावर आतले उंडे, पोई, कांकणं उन्हात सोन्यासारखी दिसतात. ते प्लास्टिक पाऊस आणि धूळ अडवायला असतं, पण रंगाचं काम आपोआप होऊन जातं. आपल्याकडे जुन्या लुगड्याचा हिरवा काठ, निळी गोधडी, शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा हे काम करतील. नारिंगी, भगवं, पिवळं कापड भाजलेल्या पदार्थाखाली घालू नये. पदार्थ त्यात बुडून जातो.

पितळेचंही असंच होतं. पितळेची परात सुंदर असते, पण तिची पिवळी झाक तपकिरी बिस्किटाला गिळते. तिची कल्हई लावलेली आतली बाजू मात्र फोटोसाठी अनमोल आहे. करड्या-पांढऱ्या, मंद, किंचित खरखरीत अशा त्या पृष्ठभागावर प्रकाश पसरतो, आणि भाजलेल्या पदार्थाचा ऊबदार रंग तिथे उठून दिसतो. कल्हईवाले आता क्वचित येतात, आले की एक परात फोटोसाठी म्हणून कल्हई करून घ्यावी. स्टीलची ताटं आपल्या घरात सर्वांत जास्त, आणि फोटोला सर्वांत त्रासदायक. त्यांत खिडकी दिसते, पंखा दिसतो, फोन धरलेली बाई दिसते. ताट थोडं तिरकं करावं, समोर काळं कापड धरावं किंवा सरळ ताटावर कोरं फडकं घालून त्यावर मांडावं. पाटा-वरवंटा, सूप, बांबूची टोपली, जुनी सागवानी फळी यांचा पोत खरखरीत असतो. गुळगुळीत केकला तो साजतो. खारी आणि टोस्ट स्वतःच खरखरीत असतात, त्यांना उलट सपाट, शांत पृष्ठभाग द्यावा.

केळीबद्दल लिहायला मला सर्वांत आवडतं. बऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा आहे. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत त्याच्या नावापुढे केळीच आहे. मृगबाग असो की कांदेबाग, घड कापणीला आला की काही फण्या बाजाराला जात नाहीत. लहान असतात, डागाळलेल्या असतात, जास्त पिकलेल्या असतात. केळ्याच्या केकला नेमक्या त्याच लागतात. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं जास्त गोड आणि सुवासिक असतं, कारण पिकताना त्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते. फोटो काढताना मात्र सगळ्या जणी त्या केळ्यांना लपवतात आणि शेजारी पिवळंधमक, हिरव्या टोकाचं केळं ठेवतात. त्या केळ्यानं हा केक होत नाही. ठिपक्यांचं केळंच शेजारी ठेवावं, एक सोलून, एक सालीसकट. ते केकची गोडी सांगतं, तुम्ही साखर कमी का घालता हेही सांगतं, आणि त्याचा काळा-पिवळा रंग केकच्या तपकिरी कापाशेजारी फार सुरेख दिसतो.

केळीचं पान वापरायचं तर त्याची वरची बाजू चकाकते आणि तिच्यावर आभाळाचा पांढरा पट्टा उमटतो. खालची बाजू फिकी आणि मंद असते, फोटोला तीच घ्यावी. पान चिरू नये म्हणून मंद आचेवर फिरवून मऊ करावं. खोडाच्या धाग्यापासून बचत गटातल्या बाया चटया आणि टोपल्या करतात, त्या केळ्याच्या केकखाली उत्तम दिसतात. पण केळीचं पान सगळ्याच पदार्थांना लावू नये. खारीशी केळीचा काही संबंध नाही. मुलूख केळीचा आहे म्हणून प्रत्येक फोटोत पान घुसवलं तर तेही निलगिरीच्या फांदीसारखंच उसनं होतं.

मी लिहिते त्यातलं सर्वांत महत्त्वाचं पान खरेपणाचं आहे. अंड्याची टोपली केकच्या फोटोत छान दिसते. पण तुमचा केक बिनअंड्याचा असेल, आणि आपल्या भागात पुष्कळ गिऱ्हाइकं त्याचीच चौकशी करतात, तर ती टोपली फोटोत असणं हा गंभीर घोटाळा आहे. एखादं घर फोटो पाहून ऑर्डर देणार नाही, आणि दुसरं एखादं घर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. बदाम घातले नसतील तर बदाम पसरू नयेत. इसेन्स घातला असेल तर व्हॅनिलाच्या शेंगा ठेवू नयेत. डालडा वापरला असेल तर शेजारी साजूक तुपाची वाटी तर मुळीच नको. जे पिठात गेलं तेच फोटोत यावं. हा नियम पाळला की प्रॉप्स निवडायला वेळही लागत नाही: वेलदोडा, जायफळ, चारोळी, गव्हाची ओंबी, पिठाची चाळण, पिठीसाखरेची वाटी.

मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत काय काय चालतं हे आता लपून राहिलेलं नाही. आइसक्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, क्रीमच्या जागी दाढीचा फेस, पाकाच्या जागी इंजिन ऑइल. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅम्बेल कंपनीनं सुपाच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप दाट दिसेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं ते हरकतीचं ठरवलं आणि कंपनीला ती पद्धत सोडावी लागली. त्यातली शिकवण आपल्याला थेट लागू आहे, कारण गोट्या म्हणजे प्रॉपच होता, फक्त सुपात बुडालेला. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये खाण्याच्या पदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गावातल्या घरगुती बेकरीवर कुणी लगेच खटला भरणार नाही. पण व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो हीसुद्धा जाहिरातच आहे, हे मनात पक्कं असावं.

आकाराचा खोटेपणा त्याहून सहज होतो, आणि तो बहुधा नकळत होतो. फोनचं नेहमीचं भिंग रुंद असतं. जवळ जाऊन फोटो काढला की पुढची नानखटाई फुगते आणि मागच्या लहान होतात. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर काढला तर आकार खरे येतात. लहान बशीत लहान केक मोठा दिसतो. म्हणून चौकटीत एक तरी अशी वस्तू असावी जिचं माप सगळ्यांना ठाऊक आहे. चहाचा कप, वाटी, पोह्याचा चमचा. कप ठेवायचा तर चहा अगदी शेवटी ओतावा, नाही तर मिनिटभरात साय धरते. वाफ दिसायला हवी असेल तर मागे गडद काहीतरी आणि उजेड मागून हवा. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ असूनही दिसत नाही.

उजेडावरचं प्रकरण लिहिताना मला परदेशी पुस्तकांची मदत कमी झाली, आणि कारण भूगोलात आहे. बहुतेक पुस्तकं सांगतात की उत्तरेच्या खिडकीशी बसा, तिथे थेट ऊन कधीच येत नाही. ते लंडनला निदान दुपारपुरतं खरं आहे. बऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१.३ अंशांवर आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर तो उगवतो व मावळतो तोही पूर्व-पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. म्हणजे उन्हाळ्यात तुमच्या उत्तरेच्या दारात सकाळ-संध्याकाळ ऊन तिरकं आत येईल. त्या दिवसांत दारावर पातळ पांढरं धोतर किंवा बटर पेपर लावून ऊन गाळून घ्यावं. थंडीत मात्र उत्तरेचं दार दिवसभर निर्धास्त वापरता येतं. ओसरी असलेल्या घराची मोठी सोय आहे: छत वरचं ऊन अडवतं आणि अंगणातून मऊ उजेड आडवा येतो.

आडवा हा शब्द इथे महत्त्वाचा. भाजलेल्या पदार्थाचा पोत आडव्या उजेडातच दिसतो. नानखटाईच्या वरच्या भेगा, बिस्किटावरचे काट्याचे टोचे, पावाच्या कडेचे पदर यांना एका बाजूनं उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली मिळाली की ते जागे होतात. फोनचा फ्लॅश समोरून पडतो आणि हे सगळं पुसून टाकतो. सावली फारच काळी आली तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोल उभा करावा. घरातली ट्यूबलाइट बंद करावी. दाराचा उजेड आणि दिव्याचा उजेड वेगवेगळ्या रंगांचे असतात, दोन्ही एकत्र आले की पावाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते, आणि ते नंतर फोनवर सुधारत नाही.

कोनाचं फार अवघड नाही. परातीत मांडलेल्या नानखटाया वरून, केकचे काप तिरके, थरांचा केक किंवा फुगलेला पाव समोरून, त्याच्या उंचीवर बसून. भाजलेल्या पदार्थाच्या फोटोची घाई करू नये हे मात्र ठासून सांगते. गरम केक कापला तर जाळी चिकटून लापशीसारखी दिसते, पूर्ण गार होऊ द्यावा आणि करवतीच्या दातांच्या सुरीनं, प्रत्येक कापानंतर पातं पुसून कापावा. नानखटाई भट्टीतून आली की मऊ असते, उचलली की तुटते, गार झाल्यावर घट्ट होते. पिठीसाखर फोटोच्या आधी शेवटच्या क्षणी भुरभुरावी, नाही तर ती ओल शोषून नाहीशी होते. पावसाळ्यात खारी उघडी ठेवली की मऊ पडते आणि पदर मिटल्यासारखे दिसतात, तिची मांडणी आधी दुसऱ्या एखाद्या वस्तूवर करून घ्यावी आणि डबा शेवटी उघडावा. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, क्रीमच्या केकचा फोटो सकाळी लवकर काढावा, किंवा त्या महिन्यात क्रीमचा केकच घेऊ नये. मी यातला दुसरा पर्यायच सुचवेन.

चुरा पडलेला चालतो, पण तो जिथे खाणाऱ्याच्या हातून पडला असता तिथेच पडावा: तुटलेल्या तुकड्याखाली, कपाच्या बशीत. चौकटभर शिंपडलेला चुरा खोटा दिसतो, आणि आपल्या घरांत अन्न असं सांडलेलं बरं दिसत नाही. मांडणीत धान्य, पीठ, फळं वापरली तर ती नंतर खाण्यात यावीत, निदान जनावरापुढे तरी जावीत. प्लास्टिकची फुलं, चमकी, दिव्यांच्या माळा या पुस्तकात कुठेही नाहीत.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापानं किती घरांना हात धरून शिकवलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. माप घरातलं होतं म्हणूनच ते पुस्तक घरात रुजलं. फोटोच्या बाबतीत मी तेवढंच करू पाहते आहे. जे माप, जी भांडी, जो उजेड घरात आहे त्यातून काम उभं करायचं. म्हणून मागे प्रॉप्सच्या खरेदीची यादी दिलेली नाही. प्रत्येक विक्रीच्या पदार्थाचे तीन फोटो मात्र मी आग्रहानं मागितले आहेत: एक मांडणीचा, एक आतली जाळी किंवा पदर दाखवणारा, आणि एक कुठल्याही प्रॉपशिवाय, वजनकाट्यावर, ज्यात अर्ध्या किलोत किती नग येतात ते दिसावं. गिऱ्हाइकाला तिन्ही पाठवावेत.

पहिल्या प्रकरणात फोन लागणार नाही. माळ्यावरची, कपाटामागची, वापरातून गेलेली भांडी, डबे आणि कापडं खाली काढून ओसरीत मांडायची आहेत आणि एकेकावर उजेड कसा पडतो ते पाहायचं आहे. सोबतीला आजी, सासूबाई किंवा आत्या असतील तर त्यांनाही बसवा. कोणत्या डब्यात बिस्किटं यायची, कोणती परात मांड्यांच्या पिठाची होती आणि कोणतं फडकं भाकरीवर झाकायचं, हे त्यांनी सांगितलं की त्या त्या वस्तूवर खडूनं पदार्थाचं नाव लिहून ठेवा.